मटणाचे डबे इतके अडचणीचे का असतात, आणि सावजी मटण भरायचं तर कशात भरावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: परदेशी कॉर्न्ड बीफचा (मिठात मुरवलेल्या गोमांसाचा) डबा वर रुंद, खाली निमुळता, चावीने पट्टी गुंडाळत उघडायचा आणि कडेने बोट कापणारा. लंचन मीटचा (वाटून दाबलेल्या मसालेदार मांसाचा) डबा चौकोनी, तळाशी ठोकल्याशिवाय माल बाहेर येत नाही. रसगुल्ल्याला किंवा संत्र्याच्या फोडींना साधा गोल डबा चालतो, मग मांसालाच असं काय झालंय? आणि नागपुरात, हिंगण्याकडे लहान युनिट टाकून सावजी मटण वर्षभर टिकेल असं विकायचं असेल, तर डबा घ्यावा की पाऊच?

आधी उत्तर, मग कारणं. मांसाचं पॅकिंग ठरतं ते दोन गोष्टींवर: डब्याच्या मधोमध उष्णता किती वेळात पोचते, आणि झाकणाचा जोड त्या उष्णतेत व दाबात टिकतो का. गिऱ्हाइकाला ते उघडायला सोपं जावं हा विचार तिसऱ्या नंबरवर येतो, आणि बहुतेक वेळा तिथवर पैसे उरत नाहीत. सावजीच्या बाबतीत माझं मत असं: हाडासकट मटण असेल तर आतून लॅकर (वार्निशसारखा रोधक थर) लावलेला गोल डबा, बिनहाडाचं मटण किंवा खिमा असेल तर रिटॉर्ट पाऊच, म्हणजे रिटॉर्टमध्ये (दाबाच्या वाफेने माल निर्जंतुक करायच्या बंद भांड्यात) टिकणारी पिशवी. एकाच पॅकिंगमध्ये दोन्ही बसवायला जाल तर दोन्हीकडे नुकसान होईल.

संत्र्यापासून सुरुवात करू, कारण आपल्याकडे हीच गल्लत जास्त होते. संत्र्याच्या फोडींचा पीएच (आंबटपणाचं माप, जेवढा कमी तेवढं आंबट) चारच्या खाली असतो. ४.६ पेक्षा कमी पीएचमध्ये क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणं विष तयार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू (उष्णता सोसणारं त्याचं सुप्त रूप) उगवत नाहीत, त्यामुळे उकळत्या पाण्यात डबा ठेवून काम भागतं. मटणाचा पीएच साधारण ५.८ ते ६.२. तिथे हे बीजाणू मारावेच लागतात आणि त्यासाठी १२१ अंश सेल्सियसच्या आसपास वाफेचा दाब लागतो. हिशोबाचं एकक आहे एफ-नॉट: १२१.१ अंशांत एक मिनिट म्हणजे एक. दर दहा अंशांनी तापमान उतरलं की तेवढाच परिणाम मिळवायला दहापट वेळ लागतो. बोट्युलिनमसाठी किमान एफ-नॉट ३ धरतात, म्हणजे डब्याच्या सर्वांत थंड बिंदूवर १२१.१ अंशांत तीन मिनिटं. तेच ११५ अंशांत करायचं तर बारा मिनिटं, आणि शंभर अंशांत साडेसहा तासांच्या आसपास. नागपुरात पाणी नव्व्याण्णव अंशांलाच उकळतं, म्हणजे तिथे आठ तास, तेही डब्याचा मधला भाग पूर्ण तापल्यावर मोजायचे. ‘आम्ही डबे दोन तास खळखळ उकळतो’ असं कुणी सांगितलं तर तो माल खाऊ नका.

वर लिहिलेला तीनचा आकडा फक्त जीव वाचवण्यापुरता आहे. माल महिनोन्महिने न बिघडता राहावा म्हणून मटणाच्या रश्श्याला प्रत्यक्षात ८ ते १० एफ-नॉट धरतात. मग लंचन मीट त्याहून कमी उष्णतेत कसं टिकतं? त्यात मीठ आणि नायट्राइट (मांस टिकवायचा क्षार) असतं. ही जोडी उरलेल्या बीजाणूंना उगवू देत नाही, त्यामुळे त्याला एफ-नॉट एकाच्या आसपास असला तरी चालतो. सावजीत नायट्राइट नसतं आणि कुणी घालूही नये. म्हणून लंचन मीटचं वेळापत्रक उचलून सावजीला लावणं धोक्याचं आहे. मसाला कितीही जहाल असला तरी तो बीजाणू मारत नाही. उलट दगडफूल, मिरी, धणे, सुंठ यांतूनच मातीतले उष्णता सोसणारे बीजाणू मोठ्या संख्येने रश्श्यात येतात.

आता आकाराकडे. रसगुल्ल्याच्या पातळ पाकात उष्णता प्रवाहाने फिरते: कडेचा गरम पाक वर जातो, मधला खाली येतो, आणि सगळा डबा लवकर तापतो. ठासून भरलेल्या मांसात असा प्रवाहच नसतो. उष्णता कणाकणाने आत सरकते. पुरणाचा गोळा वरून गार झालेला असतो आणि आत जीभ भाजते, तेच इथे उलट्या दिशेने होतं. अशा घट्ट मालात वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट. साधारण ७२ मि.मी. व्यासाच्या डब्यात ठासलेलं मांस घेतलं, तर रिटॉर्ट आणि मधला बिंदू यांच्यातला तापमानाचा फरक दहाव्या हिश्शावर यायला पंचावन्न मिनिटांच्या आसपास लागतात. वीस मि.मी. जाडीच्या चपट्या पाऊचमध्ये तेच काम दहा मिनिटांत होतं. चपटे डबे आणि पसरट आयताकृती डबे यामुळेच आले. जेवढा डबा गोल, गुबगुबीत आणि मोठा, तेवढं मधलं मांस कच्चं राहायचा धोका जास्त, आणि ते टाळायला वेळ वाढवला की कडेचं मांस जळून कडू व्हायचा.

हा धडा जगाने महागात घेतलाय. ब्रिटिश आरमाराने १८५२ मध्ये गोल्डनर या पुरवठादाराचे मांसाचे डबे फोडून पाहिले तेव्हा ढिगाने सडका माल निघाला. डबे मोठे केले होते आणि उष्णता मध्यापर्यंत पोचलीच नव्हती, हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. डबे बंद करायची कला त्याआधीची: फ्रान्समध्ये आपेर यांनी काचेच्या बरण्यांत केलं, १८१० मध्ये इंग्लंडात ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. उघडायचं अवजार मात्र १८५० नंतर आलं. १८२४ च्या ध्रुवीय मोहिमेत गेलेल्या वासराच्या मांसाच्या डब्यावर ‘छिन्नी-हातोड्याने कडेजवळून कापा’ अशी सूचना छापलेली होती. उघडण्याचा विचार तिसऱ्या नंबरवर असतो म्हणालो, तो असा सुरुवातीपासूनच.

कॉर्न्ड बीफचा निमुळता डबा १८७५ मध्ये शिकागोच्या विल्सन यांनी पेटंट केला. त्यामागे साधा विचार आहे. दाबून भरलेलं मांस थंड झाल्यावर चरबीसकट एक वीट होते. चारी बाजू सरळ असत्या तर ती वीट आतल्या निर्वाताने धरून ठेवली असती. बाजू तिरप्या केल्या की रुंद टोक उघडून उपडा केला की वीट अख्खी सुटते आणि सुरीने पातळ काप निघतात. गंमत अशी की चावी फिरते ती याच रुंद टोकाजवळून. डब्याच्या अंगावर दोन समांतर रेषा अर्धवट खोल कोरलेल्या असतात, एक जीभ बाहेर काढलेली असते, ती चावीच्या खाचेत घालून पट्टी गुंडाळत न्यायची. रेषा जास्त खोल कोरली तर रिटॉर्टच्या दाबात किंवा ट्रकमध्ये धक्का लागून तिथेच गळती होते. कमी खोल राहिली तर पट्टी मध्येच तुटते. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे, म्हणूनच हे डबे चुकतात. चावी तिरपी धरली की गुंडाळी शंकूसारखी एका बाजूला सरकते आणि रेषेबाहेर फाटते.

असा डबा हातात आलाच तर आधी चार-सहा तास फ्रिजमध्ये ठेवा. चरबी घट्ट होते, वीट तुटत नाही. चावी डब्याच्या अंगाला काटकोनात धरून दर अर्ध्या फेऱ्याला गुंडाळी घट्ट आहे का ते पाहा. पट्टी तुटली तर उरलेल्या टोकाला पकड लावून तशीच गुंडाळत न्या, सुरीने मध्ये खोचू नका. वीट अडकली तर तळाच्या झाकणाला एक बारीक भोक पाडा. आत हवा शिरली की निर्वात सुटतो आणि वीट आपोआप घसरते. उघडलेल्या दोन्ही कडा वस्तऱ्यासारख्या असतात, त्या कागदात गुंडाळूनच कचऱ्यात टाका.

मग रिंग ओढून उघडणारं झाकण सावजीला का नको? चालेल, पण रिटॉर्ट त्या लायकीचा हवा. अशा झाकणावरची रेषा जेमतेम धरून असते. प्रक्रिया संपल्यावर वाफ बंद करून पाणी सोडलं की बाहेरचा दाब एकदम उतरतो आणि डब्याच्या आतला माल अजून १२० अंशांवर असतो. आतला दाब झाकणाला बाहेर ढकलतो. साधं जाड झाकण हे सोसतं. रिंगचं झाकण एका बाजूने टोक काढून वाकडं होतं आणि रेषेला केसाएवढी चीर पडते, जी डोळ्याला दिसतही नाही. म्हणून थंड करताना हवेचा उलटा दाब देणारा रिटॉर्ट लागतो. स्वस्तात घेतलेला साधा वाफेचा उभा रिटॉर्ट आणि महागडं रिंगचं झाकण, ही जोडी सर्वांत वाईट. पैसे कमी असतील तर साधं झाकण लावा, गिऱ्हाईक ओपनरने उघडेल.

रिटॉर्टचा आणखी एक मुद्दा नागपूरपुरता. तक्त्यांत १२१ अंशांना (दर चौरस इंचाला) १५ पौंड दाब लिहिलेला असतो तो समुद्रसपाटीचा. आपण साधारण ३१० मीटर उंचीवर आहोत. इथे गेजवर १५ पौंड दिसत असताना आतलं तापमान १२०.४ अंशांच्या आसपास असतं. फरक लहान वाटतो, पण त्याने मारक शक्ती जवळपास पंधरा टक्क्यांनी घटते. १५.७ पौंडांच्या आसपास न्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गेजवर विसंबूच नका, तपासलेला थर्मामीटर पाहा. सुरुवातीला आतली हवा नीट बाहेर काढली नाही तर गेज १५ पौंड दाखवेल आणि तापमान मात्र पडलेलं असेल: अर्धी हवा आत राहिली तर ११२ अंश, दोन-तृतीयांश राहिली तर १०९. ११२ अंशांत मारक शक्ती आठव्या हिश्शावर येते. घाई करणारा माणूस हवा काढायची तोटी लवकर बंद करतो आणि बॅचच्या बॅच कमी शिजते. तोटी पूर्ण उघडी ठेवून तापमान आणि दाब दोन्ही तक्त्याप्रमाणे जुळेपर्यंत थांबायचं, यात काटछाट नाही.

आता भरण्याचं बोलू. सावजीत अडचणी इथेच जास्त येतात.

मटण पूर्ण शिजवून भरू नका. रिटॉर्टमध्ये ते पुन्हा तासभर शिजणार आहे. साठ-सत्तर टक्के शिजलेले २५ ते ३० ग्रॅमचे तुकडे घ्या. पूर्ण शिजवलेलं मटण डब्यात धाग्यांचा चोथा होऊन बसतं आणि नळीतली चरबी सगळी वर तरंगते. कच्चं भरलंत तर पाणी सुटून रस्सा पातळ होतो आणि तुकडे आकसून वजन भरत नाही, शिवाय त्यातून निघालेला वायू निर्वात बिघडवतो. साडेचारशे मिली भरणाऱ्या ३०१ व्यासाच्या डब्यात, म्हणजे तीन पूर्णांक एक सोळांश इंच, सुमारे २२० ग्रॅम तुकडे आणि २०० ग्रॅम रस्सा बसतो. झाकणाखाली ६ ते ८ मि.मी. जागा सोडा. माल ७५ ते ८० अंशांवर असताना झाकण लावलं की थंड झाल्यावर पुरेसा निर्वात तयार होतो.

रस्सा जाड करायची घाई करू नका. खोबरं, खसखस आणि ज्वारीचं पीठ ही जाडी आणणारी त्रयी आहे. यातलं पीठ ८० अंशांच्या वर फुलतं. म्हणजे डबा तापायला लागला तेव्हा रस्सा पातळ होता, प्रवाहाने उष्णता जात होती, आणि मध्येच तो घट्ट झाला की प्रवाह थांबला. तापण्याचा आलेख मोडतो. एखाद्या दिवशी स्वयंपाक्याने अंदाजाने मूठभर पीठ जास्त टाकलं तर तीच वेळ, तोच दाब असूनही मधला बिंदू दोन-तीन मिनिटं मागे पडतो. एवढ्या फरकाने सगळा हिशोब कोसळतो. म्हणून पिठाचं प्रमाण काट्यावर मोजायचं, अदमासाने नाही, आणि वेळापत्रक ज्या जाडीवर ठरवलं त्याहून जाड रस्सा कधीही भरायचा नाही.

मसाल्याची मात्रा पंचवीस ते तीस टक्के कमी करा. लवंग, दगडफूल आणि जायफळ रिटॉर्टमध्ये चढतात आणि मागे कडवट चव सोडतात. खोबरं नेहमीपेक्षा हलकं भाजा, कारण उरलेलं भाजणं डब्यात होतं. कांद्यातली साखर आणि मांसातलं प्रथिन मिळून रंगही गडद करतात, त्यामुळे आत जाताना रस्सा जरा फिका वाटला तर घाबरू नका. तेलाच्या बाबतीत खवय्ये रागावतील: जवसाचं तेल अस्सल असेल, पण वर्षभर टिकवायच्या डब्यात ते चालत नाही. ते फार लवकर खवट होतं. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल घ्या आणि एकूण प्रमाण आठ-दहा टक्क्यांवर ठेवा. तर्री पाहिजे असेल तर तेलाची छोटी पुडी वेगळी द्या.

तर्रीचा खरा त्रास चवीचा नसून सीलचा आहे. डब्याच्या कडेवर किंवा पाऊचच्या तोंडावर तेल लागलं की जोड बिघडतो. पाऊचच्या बाबतीत तर हे सर्वांत मोठं कारण आहे. भरायची नळी पाऊचच्या तोंडाच्या खाली गेली पाहिजे आणि बाहेर येताना टपकता कामा नये. आधी तुकडे, मग रस्सा, शेवटी तेल. सील ८ ते १० मि.मी. रुंद ठेवा. चिकटलेल्या पट्टीला बुडबुडा, सुरकुती किंवा तेलाचा डाग दिसला तर तो पाऊच बाजूला काढा, पुसून पुन्हा सील करण्याच्या फंदात पडू नका.

डब्यात याच जागी दुहेरी घडीचा जोड असतो, कारखान्यात त्याला डबल सीम म्हणतात. झाकणाची कड आणि डब्याची कड एकमेकींत अडकवून पहिल्या रोलरने वळवतात, दुसऱ्याने दाबतात. बाहेरून सगळे सीम सारखेच दिसतात. आतलं पाहायला डबा कापावा लागतो. तिथे झाकणाचा हुक आणि अंगाचा हुक एकमेकांवर किती चढलेत ते मोजायचं: ४५ टक्क्यांपेक्षा कमी चालत नाही. झाकणाचा हुक उलगडून त्याच्या सुरकुत्या पाहायच्या, घट्टपणा सत्तर-पंच्याहत्तर टक्क्यांखाली गेला तर दुसरा रोलर सैल झालाय. बाहेरून दर अर्ध्या तासाने डबे तपासा, कापून दर चार तासांनी, आणि डबा अडकून मशीन थांबलं की लगेच. प्रत्येक सीमवर तीन ठिकाणी मोजा. बाजूच्या जोडावरून सीम जातो ती जागा सर्वांत कच्ची, तिथे खाली लोंबलेली ओठासारखी घडी दिसली तर थांबा. मटणात एक खास गोष्ट घडते: मांसाचा धागा किंवा खोबऱ्याचा कीस कडेवर राहतो आणि सीममध्ये अडकतो. बाहेरून काही कळत नाही. थंड होताना आत निर्वात तयार होतो आणि त्या धाग्यावाटे पाणी आत ओढलं जातं.

ते पाणी कसलं असतं यावर बरंच ठरतं. १९६४ मध्ये स्कॉटलंडच्या अॅबर्डीनमध्ये टायफॉईडने चारशेच्यावर लोक आजारी पडले. मूळ होतं अर्जेंटिनातून आलेला कॉर्न्ड बीफचा एक मोठा डबा. डबे थंड करायला कारखान्यात क्लोरीन न घातलेलं नदीचं पाणी वापरलं होतं, ते बारीक फटीतून आत गेलं. पुढे दुकानातल्या काप करायच्या मशीनने त्यातले जंतू इतर मालालाही लावले. म्हणून थंड करायच्या पाण्यात क्लोरीन मिसळा, आणि काम झाल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्यातही मोजण्याएवढा क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. ओल्या डब्यांना हात लावू देऊ नका. डबे ३८ ते ४० अंशांवर बाहेर काढले की उरलेल्या उष्णतेने स्वतःच वाळतात. त्याहून थंड काढले तर ओलेच राहतात आणि गंज धरतात.

आणि इथे नागपूरचा मे महिना आडवा येतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चाळीसच्या आसपास असतं. त्या पाण्याने डबे चाळीसपर्यंत येणारच नाहीत. डबे ४५ ते ६० अंशांमध्ये बराच वेळ राहिले तर उष्णता आवडणारे बीजाणू, जे १२१ अंशांतूनही वाचलेले असतात, जागे होतात. ते माणसाला मारत नाहीत, पण माल आंबट करतात, आणि डबा फुगतही नाही, म्हणून बाहेरून काही कळत नाही. उपाय म्हणजे कूलिंग टॉवर. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की टॉवर पाण्याला हवेच्या तापमानापेक्षा बरंच खाली आणतो, घरातला कूलर याच जोरावर चालतो. जुलैत मात्र हवा दमट झाली की टॉवरची ताकद उतरते, तेव्हा पाणी तसंही बरंच गार असतं म्हणून निभावतं.

गोडाऊनचंही तेच. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात वरच्या थप्पीला पन्नास अंश सहज लागतात. छताला उष्णतारोधक थर द्या, थप्पी छतापासून निदान दीड मीटर खाली ठेवा, गरम हवा वरून बाहेर काढा. गोडाऊनला डेझर्ट कूलर लावू नका, त्याच्या ओलाव्याने सीमच्या कडेला गंज चढतो. पावसाळ्यात एका रात्रीत हवा बदलते आणि थंड डब्यांवर दव बसतं, त्यामुळे डबे पुठ्ठ्यात बंद ठेवा आणि जमिनीवर नाही, लाकडी फळ्यांवर रचा.

डब्याच्या आतलं लॅकर निवडताना ‘सल्फर रोधक’ मागा. मांसातल्या गंधकामुळे साध्या पत्र्यावर काळे-निळे डाग पडतात. विषारी नसतात, पण गिऱ्हाईक डबा परत आणून देतं. फळांच्या डब्याचं आम्लरोधक लॅकर इथे उपयोगाचं नाही. ठासून भरायचा माल असेल, म्हणजे खिमा किंवा लंचन मीट, तर मांस सुटून यावं म्हणून वेगळा थर दिलेलं लॅकर मिळतं, ते घ्या.

पाऊचबद्दल आता. त्याची रचना सहसा चार थरांची असते: बाहेर १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, मग ९ मायक्रॉन अॅल्युमिनियम, १५ मायक्रॉन नायलॉन, आणि आत ७० मायक्रॉनच्या आसपास पॉलिप्रॉपिलीन, जे सीलसाठी वितळतं. पातळ असल्याने वेळ कमी लागतो, म्हणून चव डब्यापेक्षा चांगली राहते. बिनहाडाच्या मटणाचा अडीचशे ग्रॅमचा पाऊच वीस मि.मी. जाडीत ठेवला तर अर्ध्या तासाच्या आसपास प्रक्रिया होते. पण तो मांडणीत वीस मि.मी.वरच राहिला पाहिजे. ट्रेमध्ये एकावर एक चढले किंवा एका कोपऱ्यात माल गोळा होऊन तीस मि.मी. झाला, तर वर्गाच्या नियमाने वेळ सव्वादोन पट लागतो आणि तो पाऊच कच्चा राहतो. म्हणून जाडी धरून ठेवणारे कप्प्यांचे ट्रे घ्या. आत राहिलेली हवा दोन टक्क्यांच्या खाली ठेवा, नाहीतर पाऊच फुग्यासारखा तरंगतो आणि उष्णता अडते. हवेच्या उलट्या दाबाशिवाय पाऊच करूच नका, थंड करताना सील फाटतात.

हाड आणि पाऊच यांचं जमत नाही. नळी तुटलेल्या जागी टोकदार असते, आणि पाऊच निर्वाताने आवळला की ती टोचते. छिद्र इतकं बारीक असतं की दोन आठवड्यांनी फुगल्यावरच कळतं. करवतीने कापलेलं हाड कोयत्याने फोडलेल्यापेक्षा बरं, तरी भरवसा नाही. सावजीचा जीव नळीत आहे म्हणणाऱ्यांनी डबाच घ्यावा.

वेळापत्रक कुणाचं उसनं घेऊ नका. मी वर दिलेली मिनिटंही आवाका समजावा म्हणूनच आहेत. डब्याच्या थंड बिंदूवर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बसवून, रिटॉर्टच्या सर्वांत थंड कोपऱ्यात निदान दहा-बारा डबे ठेवून, भरलेल्या मालावरच मोजमाप करावं लागतं, आणि ते तीन वेळा करून सर्वांत वाईट आकडा धरावा लागतो. म्हैसूरची सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था) आणि डीएफआरएल (संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा) या कामातल्या जुन्या संस्था. सैन्यासाठीचे रिटॉर्ट पाऊच डीएफआरएलनेच आपल्याकडे रुळवले. नागपुरातच एलआयटीमध्ये (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत) फूड टेक्नॉलॉजी शिकवतात आणि सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पहिला सल्ला तिथे घेता येईल. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना लागतो, आणि मांसाहारी खूण म्हणून आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण छापायचा, जुना गोल ठिपका नाही.

प्रत्येक बॅचमधले काही डबे ३५ ते ३७ अंशांत दहा ते चौदा दिवस आणि काही ५५ अंशांत पाच ते सात दिवस ठेवा. थंड प्रदेशात दुसरी चाचणी बरेच जण टाळतात. विदर्भात माल विकणाऱ्याने ती टाळू नये. सगळे निकाल येईपर्यंत माल गोडाऊनबाहेर जाऊ देऊ नका. फुगलेला डबा चाखून पाहायचा नाही, वास घ्यायचाही नाही. बोट्युलिनमचं विष असलेल्या डब्याला दरवेळी वास येतोच असं नाही.

फुगण्याचा एक खोटा प्रकारही आहे. नागपुरात २५० मि.मी. पाऱ्याचा निर्वात ठेवून बंद केलेल्या डब्याच्या आत जेवढा दाब असतो, जवळपास तेवढाच लेहच्या साडेतीन हजार मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा असतो. तिथे निर्वात संपल्यात जमा होतो आणि दुपारच्या उन्हात झाकण टप्पकन वर येतं. दाबलं की खाली जातं. माल चांगला असतो, पण दुकानदार तो घेणार नाही. डोंगराळ भागात पाठवायचं असेल तर बंद करतानाच निर्वात वाढवा आणि झाकणाखालची जागा नेमकी ठेवा, जास्त भरू नका. परदेशात पाठवायचं असेल तर मांसाबद्दलचे त्या देशाचे नियम आधी पाहा, अनेक ठिकाणी विमानतळावरच जप्त होतं.

ज्यांना धंदा करायचा नाही, फक्त पुण्यातल्या मुलाला दोन किलो सावजी पाठवायचं आहे, त्यांनी डबा, पाऊच, घरचा कुकर यांपैकी काहीच करू नये. घरच्या कुकरमध्ये हवाबंद बरणी ठेवून ‘कॅनिंग’ करायचे व्हिडिओ दिसतात, मटणासाठी ते करू नका. रस्सा लवकर गार करून अर्धा-अर्धा किलोच्या चपट्या पिशव्यांत भरा, पिशवीची जाडी तीन सें.मी.च्या आत ठेवा म्हणजे लवकर गोठेल, आणि दोन रात्री उणे १८ अंशांत ठेवा. मग वर्तमानपत्राचे पाच-सहा थर, थर्माकोलचं खोकं, झाकणाला चारी बाजूंनी टेप, आणि संध्याकाळच्या बसने पाठवा. सकाळी पोचेल तेव्हा मधली पिशवी दगडासारखी असायला हवी. कडेची वितळली असेल आणि अजून थंडगार असेल तर ती त्याच दिवशी नीट उकळून खाऊन टाकायची, परत गोठवायची नाही.